प्रादेशिक आर्थिक संघाचा सदस्य देशांना खरोखर फायदा झाला का, हे कसे तपासावे : पूर्व आफ्रिकेच्या आधाराने

प्रादेशिक आर्थिक एकात्मीकरणावरच्या बहुतेक टिपणांत दोन विधाने हमखास आढळतात. संघ स्थापन झाल्यावर सदस्य देशांचा आपसातला व्यापार अमुक पटींनी वाढला, हे पहिले. त्याच काळात त्यांच्या अर्थव्यवस्था अमुक टक्क्यांनी वाढल्या, हे दुसरे. दोन्ही विधाने खरी असूनही त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसणे शक्य आहे, आणि तो संबंध आहे की नाही हे शोधणे हेच अभ्यासकाचे खरे काम आहे. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनांचा अभ्यास करणारे उमेदवार आणि अशा विषयांवर लिहिणारे पत्रकार यांना हे काम क्रमाक्रमाने कसे करता येईल, ते येथे मांडले आहे.

उदाहरण म्हणून युरोपीय संघाऐवजी पूर्व आफ्रिकी समुदाय घेतला आहे. विकसनशील देश एकत्र येतात तेव्हा जे प्रश्न उभे राहतात, ते तेथे अधिक उघडपणे दिसतात. शिवाय हा समुदाय दोनदा उभा राहिला. १९६७ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी तो पहिल्यांदा स्थापन केला आणि १९७७ मध्ये तो कोसळला; ३० नोव्हेंबर १९९९ रोजी त्याच तीन देशांनी टांझानियातील अरुशा येथे नवा करार केला आणि जुलै २००० पासून तो अमलात आला. एकच प्रदेश, तेच देश आणि तीच बंदरे असताना एकदा आलेले अपयश आणि नंतर मिळालेले मर्यादित यश यांची तुलना करण्याची अशी संधी इतरत्र क्वचितच मिळते.

करार कोणत्या पायरीवर आहे ते आधी निश्चित करावे

देश एकमेकांच्या मालावरची जकात उठवतात, पण बाहेरच्या मालावर प्रत्येकाचा दर वेगळा राहतो, तेव्हा ते मुक्त व्यापार क्षेत्र असते. बाहेरच्या मालावरही सर्वांचा दर एक झाला, की तो सीमाशुल्क संघ होतो. माणसे, भांडवल आणि सेवा यांनाही मोकळीक मिळाली, तर सामाईक बाजारपेठ होते. आणि चलन एक झाले, तर चलन संघ. पाठ्यपुस्तकांत हा क्रम जिन्यासारखा सरळ दाखवलेला असतो. प्रत्यक्षात एखादा देश एका विषयात वरच्या पायरीवर आणि दुसऱ्या विषयात जमिनीवरच असू शकतो, म्हणून वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात करारातील तारीख लिहावी आणि दुसऱ्यात ती तरतूद प्रत्यक्ष लागू झाल्याची तारीख.

पूर्व आफ्रिकेसाठी हे रकाने भरू लागलो, की काम किती नाजूक आहे ते कळते. सीमाशुल्क संघ जानेवारी २००५ मध्ये सुरू झाला. युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात तेव्हापासूनच जकातमुक्त झाला. केनियाच्या ठरावीक मालावर मात्र त्या दोन देशांत कमी होत जाणारी जकात आणखी पाच वर्षे, म्हणजे २०१० पर्यंत चालू राहिली. रवांडा आणि बुरुंडी जुलै २००७ मध्ये सदस्य झाले, पण सीमाशुल्क संघाचे नियम त्यांनी जुलै २००९ पासून लागू केले. सामाईक बाजारपेठेचा करार जुलै २०१० पासून अमलात आहे. तरीही जमिनीच्या मालकीचा प्रश्न त्यात प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडलेला आहे, आणि कामाच्या परवान्याचे शुल्क केनिया व रवांडा यांनी सदस्य देशांच्या नागरिकांसाठी माफ केले असले तरी टांझानियाने तसे केलेले नाही. चलन संघाच्या करारावर नोव्हेंबर २०१३ मध्ये कम्पाला येथे सह्या झाल्या. २०२४ पर्यंत एक चलन आणण्याचे उद्दिष्ट होते, ते पार पडले नाही.

ज्या लेखात ‘२००५ पूर्वी आणि २००५ नंतर’ अशी सरळ तुलना केलेली असते, तो लेख वरचा परिच्छेद वाचल्यावर तितका विश्वासार्ह वाटत नाही. परिणाम मोजण्याची तारीख प्रत्येक देशासाठी आणि बऱ्याचदा प्रत्येक वस्तूसाठीही वेगळी असते.

संघ नसता तर काय झाले असते, हा प्रश्न टाळू नये

वाढीचा दर पाहून संघाला श्रेय देणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. २००० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील अनेक देश वेगाने वाढले, कारण कच्च्या मालाचे भाव चढले होते, परकीय कर्जे माफ झाली होती आणि मोबाइल सेवा पसरत होती. यांपैकी कोणत्याही गोष्टीचे श्रेय अरुशाच्या कराराला देता येणार नाही.

त्यासाठी तुलनेचा आधार शोधावा लागतो. पूर्व आफ्रिकेत असा एक आधार आयताच मिळतो. रवांडा आणि बुरुंडी हे शेजारी देश आकाराने जवळपास सारखे आहेत. दोन्ही डोंगराळ, दाट वस्तीचे आणि समुद्रापासून तुटलेले आहेत, दोघांच्या निर्यातीत कॉफी व चहा आहे, आणि दोघे एकाच दिवशी, १ जुलै २००७ रोजी, एकाच समुदायाचे सदस्य झाले. त्यानंतर रवांडाचे दरडोई उत्पन्न वाढत गेले, तर बुरुंडी २०१५ च्या राजकीय संकटानंतर आणखी मागे पडला आणि जगातील सर्वांत गरीब देशांच्या पंक्तीतच राहिला. करार तोच आणि जकातीचे दरही तेच असताना एवढे अंतर पडते, याचा अर्थ संघाचे सदस्यत्व ही केवळ एक संधी आहे. तिचा उपयोग होईल की नाही हे देशातील शांतता, प्रशासनाची क्षमता, करवसुलीची शिस्त आणि रस्त्यांची अवस्था यांवर ठरते. रवांडाच्या वाढीतही १९९४ च्या नरसंहारानंतरच्या पुनर्बांधणीचा आणि परकीय मदतीचा वाटा मोठा आहे, म्हणून ‘रवांडाला संघामुळे फायदा झाला’ असे लिहिण्याआधी हा वाटा बाजूला काढून पाहावा.

असा जुळा शेजारी हाताशी नसेल, तर इतर अनेक देशांच्या आकड्यांचे भारित मिश्रण करून त्या देशाची एक काल्पनिक प्रतिकृती तयार करतात आणि संघात न गेलेली ही प्रतिकृती कशी वाढली असती ते पाहतात. कॅम्पोस, कोरिचेल्ली आणि मोरेत्ती या अर्थशास्त्रज्ञांनी युरोपीय संघासाठी हे केले, तेव्हा सदस्यत्वानंतरच्या दहा वर्षांत दरडोई उत्पन्न सरासरीने सुमारे दहा टक्के अधिक राहिल्याचे त्यांना आढळले. ग्रीस हा मात्र ठळक अपवाद निघाला. सरासरीइतकाच तो अपवादही महत्त्वाचा आहे. अशा अभ्यासात नेहमी आधी अपवाद शोधावा, कारण परिणाम कशामुळे घडतो किंवा घडत नाही, याचा सुगावा तेथेच लागतो.

जकातीचे गणित स्वतः करून पाहावे

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्ये मांडलेला भेद आजही या विषयाचा पाया आहे. संघामुळे एखाद्या देशाने महाग देशी उत्पादन सोडून सदस्य देशाचा स्वस्त माल घेतला, तर व्यापारनिर्मिती होते आणि देशाचा फायदा होतो. उलट बाहेरच्या जगाचा खरोखर स्वस्त माल सोडून, केवळ जकात नाही म्हणून, सदस्य देशाचा महाग माल घेतला, तर व्यापार-विचलन होते आणि देशाचे नुकसान होऊ शकते.

हे केवळ शब्दांत कळत नाही, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एखादी वस्तू बाहेरच्या जगातून १०० शिलिंगला येते आणि युगांडाची जकात १५ टक्के आहे. ग्राहकाला ती ११५ ला पडते. तीच वस्तू केनियात ११२ ला तयार होते, पण तिच्यावरही जकात असल्याने ती जवळपास १२९ ला पडते. म्हणून युगांडा बाहेरूनच घेतो आणि सरकारी तिजोरीत १५ शिलिंग पडतात. आता संघ झाला. केनियाचा माल ११२ ला मिळू लागला, बाहेरच्या मालावर २५ टक्के सामाईक जकात लागून तो १२५ चा झाला. ग्राहकाचे तीन शिलिंग वाचले, पण तिजोरीचे १५ बुडाले. देश म्हणून युगांडा पूर्वी १०० मोजत होता, आता ११२ मोजतो. आपसातला व्यापार वाढल्याचा आकडा या व्यवहारातूनही वाढतो, आणि तो आकडा सरकारी अहवालात अभिमानाने छापला जातो.

हे उदाहरण मुद्दाम युगांडाचे घेतले आहे. सीमाशुल्क संघाआधी युगांडाची जकात तुलनेने उदार होती, तिचा कमाल दर १५ टक्के होता; केनियाचा कमाल दर ३५ टक्क्यांपर्यंत होता. सामाईक दर ठरला तो असा : कच्च्या मालावर शून्य, अर्धसिद्ध मालावर १० आणि तयार मालावर २५ टक्के. म्हणजे केनिया जगासाठी थोडा अधिक खुला झाला आणि युगांडा थोडा अधिक बंद झाला. कारखानदारी मुख्यतः केनियात होती, हे लक्षात घेतले की या बदलाचा लाभ कोणाला होणार होता ते सांगावे लागत नाही. युगांडाने कच्च्या मालासाठी सवलतींची यादी मागून घेतली, तीही याच कारणासाठी.

येथे आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे ‘संवेदनशील’ मालाची यादी. साखर, तांदूळ, मका आणि दूध यांवर २५ टक्क्यांहून बरीच अधिक जकात ठेवलेली आहे. साखरेवर ती १०० टक्के आणि तांदळावर ७५ टक्के आहे. गरीब कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून विकासाच्या दृष्टीने सरासरी जकातदरापेक्षा ही यादी अधिक बोलकी आहे. दुसरी म्हणजे वार्षिक सवलती. समुदायाच्या राजपत्रात दरवर्षी अशी सूची प्रसिद्ध होते, जिच्यात एखाद्या देशाला एखाद्या वस्तूपुरता सामाईक दर बाजूला ठेवण्याची मुभा दिलेली असते. केनियाला चहा विकायला पाकिस्तान हवा आहे, म्हणून पाकिस्तानी तांदळावर तो ७५ ऐवजी ३५ टक्के लावत आला आहे. २०२२ मध्ये काही तयार मालासाठी ३५ टक्क्यांचा चौथा टप्पाही आला. अशा सवलती वाढत गेल्या, तर ‘सामाईक’ दर नावापुरताच उरतो. तेव्हा केवळ करार वाचून न थांबता मागच्या काही वर्षांची राजपत्रे चाळावीत.

सीमेवर काय घडते ते पाहावे

माझ्या मते या सगळ्या तपासणीचा गाभा येथे आहे. जकात शून्य झाली, तरी ट्रक सीमेवर चार दिवस उभा राहत असेल, तर शून्य जकातीचा अर्थ फारसा उरत नाही. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ मध्ये बंद होण्यापूर्वी दहिसर किंवा मुलुंडला मालट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना रांगेची किंमत मालाच्या भावात कशी उतरते ते समजावून सांगण्याची गरज नाही.

पूर्व आफ्रिकेचा मुख्य मार्ग मोंबासा बंदरातून नैरोबी, कम्पाला असा किगालीपर्यंत जातो. १८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग बांधला, तोच या मार्गाचा मूळ कणा आहे. २०१४ पासून येथे एकच सीमाशुल्क प्रदेश ही पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्यात माल समुदायाच्या पहिल्या बंदरात उतरताच त्याचे मूल्यांकन होते, कर भरला जातो, तो कर ज्या देशात माल जाणार आहे त्याच्या खात्यावर जमा होतो आणि वाटेत दर सीमेवर नव्याने कागदपत्रे करावी लागत नाहीत. शिवाय केनिया-युगांडा सीमेवरच्या मलाबा आणि बुसिया यांसारख्या ठिकाणी दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसू लागले, त्यामुळे ट्रकला दोनदा थांबावे लागत नाही. मोंबासा ते कम्पाला हा प्रवास पूर्वी सुमारे १८ दिवस घेत असे, तो चारेक दिवसांवर आल्याचे अधिकृत आकडे सांगतात. हे आकडे आदर्श परिस्थितीतले आहेत असे धरले, तरी समुद्र नसलेल्या देशासाठी हा बदल जकात काही टक्के कमी होण्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. खताची गोणी, औषधांचा खोका, कारखान्याचा सुटा भाग अशी प्रत्येक आयात त्यामुळे स्वस्त होते, आणि ती केवळ सदस्य देशांतून आलेली नव्हे, तर जगातून कोठूनही आलेली. म्हणूनच या सुधारणेत व्यापार-विचलनाचा धोका जवळपास नाही. संघाचा कोणता भाग निखालस फायद्याचा आहे असे विचारल्यास मी हाच दाखवीन.

पण याच सीमेवर उलटा अनुभवही येतो. मार्च २०२१ मध्ये केनियाने अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचे कारण देऊन युगांडा आणि टांझानियाचा मका अचानक अडवला. काही दिवसांत बंदी मागे घेतली गेली, पण नवीन अटी आल्या. विषाचा धोका खरा आहे, त्यामुळे या निर्णयाला निव्वळ संरक्षणवाद म्हणता येणार नाही. मात्र आगाऊ सूचना न देता ट्रक सीमेवर थांबवले जातात, तेव्हा पुढच्या हंगामात किती मका पेरावा हा शेतकऱ्याचा हिशेबच कोलमडतो. त्याहून गंभीर उदाहरण गटुनाचे आहे. राजकीय संशयावरून रवांडाने युगांडाशी असलेली ही मुख्य सीमा फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद केली आणि ती जानेवारी २०२२ च्या अखेरीस उघडली. तीन वर्षे दोन सदस्य देशांतला व्यापार जवळजवळ थांबला आणि सामाईक बाजारपेठेच्या कराराला त्याबाबत काहीही करता आले नाही. गुंतवणूकदार अशा घटना लक्षात ठेवतात. सीमा पुन्हा बंद होऊ शकते हे एकदा दिसले, की तो प्रत्येक देशात वेगळा, लहान कारखाना काढतो, आणि मोठ्या बाजारपेठेतून जो खर्च वाचायला हवा होता तो वाचत नाही.

म्हणून प्रत्यक्ष तपासणीसाठी एकच वस्तू निवडावी, उदाहरणार्थ सिमेंट, दूधभुकटी किंवा मका, आणि तिचा प्रवास कारखान्याच्या किंवा शेताच्या दारापासून दुसऱ्या देशातल्या दुकानापर्यंत लिहून काढावा : किती परवाने लागले, किती तपासण्या झाल्या, किती ठिकाणी वजन झाले आणि किती वेळ गेला. दहा वस्तूंच्या सरासरीपेक्षा एका वस्तूचा असा नीट लिहिलेला प्रवास संघाबद्दल अधिक सांगतो.

लाभाची वाटणी कशी झाली ते शोधावे

पहिला समुदाय का मोडला, याचे उत्तर वाढीच्या आकड्यांत सापडत नाही. वसाहतकाळापासून कारखाने, बँका आणि कंपन्यांची मुख्यालये नैरोबीत एकवटली होती. सामाईक बाजारपेठ म्हणजे केनियाच्या मालाला शेजारी गिऱ्हाईक, अशी भावना टांझानिया आणि युगांडात बळावत गेली. त्यावर उपाय करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६४ च्या कम्पाला करारात कोणता उद्योग कोठे काढायचा याची वाटणी ठरली होती. १९६७ च्या करारात मागे असलेल्या देशांना केनियाच्या तयार मालावर मर्यादित हस्तांतरण कर लावण्याची मुभा होती. पूर्व आफ्रिकी विकास बँकेत तिन्ही देशांनी भांडवल समान द्यायचे, पण तिच्या गुंतवणुकीतील प्रत्येकी ३८.७५ टक्के वाटा टांझानिया व युगांडाला आणि २२.५ टक्के केनियाला, असेही ठरले होते. योजना विचारपूर्वक केलेली होती. बँकेचा निधीच इतका लहान होता, की झालेल्या असमतोलापुढे तो पुरला नाही.

त्यात राजकारणाची भर पडली. १९७१ मध्ये इदी अमीन यांनी युगांडाची सत्ता बळकावली आणि टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्यांच्याबरोबर एका बैठकीत बसण्यास नकार दिला. समुदायाच्या सर्वोच्च मंडळाच्या, म्हणजे तिन्ही राष्ट्रप्रमुखांच्या, बैठका थांबल्या. १९७७ च्या सुरुवातीला सामाईक विमान कंपनी कोसळली, टांझानियाने केनियालगतची सीमा बंद केली आणि ती १९८३ पर्यंत बंद राहिली. रेल्वे, टपाल, बंदरे अशी सामाईक मालमत्ता वाटून घेण्याचा करार व्हायला १९८४ साल उजाडले. एवढ्या तपशिलाचे कारण असे, की संघ मोडण्याचा खर्च कोणत्याही प्रतिमानात धरलेला नसतो, आणि तो प्रचंड असतो.

दुसऱ्या समुदायाने यातून धडा घेतल्याचे दिसते. वर सांगितलेली पाच वर्षांची असमान जकातकपात हा त्याचाच भाग होता. तिच्यामुळे टांझानिया आणि युगांडातील कारखान्यांना सावरायला वेळ मिळाला. भरपाईचा मोठा निधी मात्र आजही नाही. दक्षिण आफ्रिका आणि तिचे शेजारी देश यांच्या सीमाशुल्क संघात जमा झालेली जकात सूत्रानुसार वाटली जाते, आणि लेसोथो किंवा इस्वातिनी या छोट्या देशांच्या सरकारी उत्पन्नाचा फार मोठा भाग तेथून येतो. या पद्धतीत छोट्या देशांना पैसा मिळतो, पण स्वतःचा करपाया उभारण्याची निकड राहत नाही, आणि दक्षिण आफ्रिकेची आयात घटली की त्यांचा अर्थसंकल्प डगमगतो. दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहावेत, कारण वाटणीचा प्रश्न पैसे देऊनही सुटत नाही आणि न देताही सुटत नाही.

वाटणी देशांतर्गतही पाहावी. बुसियासारख्या सीमेवर रोज डोक्यावर किंवा सायकलवर माल नेणाऱ्या छोट्या विक्रेत्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. दोन हजार डॉलरपर्यंतच्या मालासाठी समुदायाने सोपे उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे माल सदस्य देशातच तयार झाल्याचा दाखला, आणले. ते सीमेवरच मिळते. ते किती जणींना माहीत आहे, ते मागितल्यावर मिळते का, आणि नवीन भव्य इमारतीतून जाण्याऐवजी त्या अजूनही आडवाटेने का जातात, हे प्रश्न विचारल्याशिवाय ‘विकास’ हा शब्द वापरू नये.

मोठ्या बाजारपेठेतून उद्योग उभा राहतो का

काँगो लोकशाही प्रजासत्ताक २०२२ मध्ये आणि सोमालिया २०२४ मध्ये आल्यापासून समुदायाची लोकसंख्या ३० कोटींहून अधिक झाली आहे. बाजारपेठ मोठी झाली की उत्पादनाचा खर्च उतरतो, हा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो आपोआप खरा होत नाही. आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या १५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो, याचे एक साधे कारण असे, की बहुतेक सदस्य देश चहा, कॉफी, सोने अशा वस्तू निर्यात करतात आणि यंत्रे, इंधन, औषधे आयात करतात. शेजाऱ्याकडे विकायला तेच असते जे आपल्याकडे आहे.

वस्तूंपेक्षा सेवांत अधिक घडले. केसीबी आणि इक्विटी या केनियाच्या बँका युगांडा, टांझानिया, रवांडा, दक्षिण सुदान आणि काँगोपर्यंत पसरल्या. अभ्यास केवळ वस्तुव्यापाराच्या तक्त्यांवर बेतला, तर हा सगळा भाग नजरेआड राहतो.

एकत्र वाटाघाटी करण्याची ताकद वाढते, असेही म्हटले जाते. जुन्या कपड्यांच्या प्रकरणात ते तपासता येते. देशी वस्त्रोद्योग उभा राहावा म्हणून वापरलेल्या कपड्यांची आयात हळूहळू थांबवण्याचे सदस्य देशांनी २०१६ मध्ये मिळून ठरवले. अमेरिकेने आपल्या बाजारपेठेतील सवलती काढून घेण्याचा इशारा देताच केनिया मागे हटला, टांझानिया आणि युगांडाही नरमले. एकटा रवांडा ठाम राहिला आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांची जकातमुक्त सवलत अमेरिकेने स्थगित केली. दबाव आल्यावर प्रत्येक देशाने स्वतःची निर्यात किती धोक्यात आहे ते पाहिले. संघाची ताकद त्याच्या सर्वांत मोठ्या निर्यातदाराच्या गरजेएवढीच असते, असे यावरून मला वाटते.

आकडे वापरताना घ्यायची काळजी

सप्टेंबर २०१४ मध्ये केनियाने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे आधारवर्ष बदलले आणि त्याचा जीडीपी एका दिवसात सुमारे २५ टक्क्यांनी मोठा झाला. हा बदल ध्यानात न घेता जुनी आणि नवी मालिका जोडली, तर सामाईक बाजारपेठ सुरू झाल्यावर चार वर्षांनी जणू चमत्कार घडल्यासारखे दिसते. म्हणून मालिका नेहमी एकाच आधारवर्षाची घ्यावी.

युगांडाने केनियाला विकल्याची नोंद आणि केनियाने युगांडाकडून घेतल्याची नोंद यांचे आकडे शेजारी लिहावेत. ते क्वचितच जुळतात, आणि तफावत किती आहे यावरून सीमेवरच्या नोंदींची गुणवत्ता समजते. पुनर्निर्यात वेगळी काढावी; दुबईहून आलेला माल कम्पालामार्गे दक्षिण सुदानला गेला, तर तो युगांडाच्या उद्योगाची प्रगती दाखवत नाही. आडवाटेच्या व्यापाराची सर्वेक्षणे युगांडाची सांख्यिकी संस्था आणि मध्यवर्ती बँक करत आली आहेत. इतर देशांसाठी तशी माहिती नसेल, तर निष्कर्षात ती मर्यादा स्पष्ट लिहावी. एकाहून अधिक संघांचे सदस्यत्वही तपासावे : टांझानिया दक्षिण आफ्रिकी विकास समुदायातही आहे, केनिया आणि युगांडा कोमेसा या पूर्व व दक्षिण आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघात आहेत, आणि काँगो तिन्ही ठिकाणी. एखादी वस्तू कोणत्या कराराखाली जकातमुक्त आली, हे पाहिल्याशिवाय श्रेय कोणत्या संघाला द्यायचे ते ठरत नाही.

निष्कर्ष लिहिताना संपूर्ण संघासाठी एकच वाक्य लिहू नये. प्रत्येक देशासाठी चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात : उत्पन्नाच्या वाढीवर झालेला परिणाम, सरकारी महसुलावर झालेला परिणाम, अन्नधान्याच्या किमतींवर झालेला परिणाम, आणि रोजगार कोठे वाढला व कोठे गेला. या चारही बाजूंची दिशा एकच निघाली, तर हिशेब पुन्हा तपासावा, कारण प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते.

ज्यांना पुढील दहा वर्षांचा अभ्यास हाती घ्यायचा आहे, त्यांनी सोमालियाकडे आत्ताच वळावे. तो मार्च २०२४ मध्ये सदस्य झाला असून समुदायाचे सर्व नियम तेथे पूर्णपणे लागू व्हायला वेळ आहे. मोगादिशूच्या बाजारातील पीठ, साखर, तांदूळ आणि सिमेंट यांचे भाव, बंदरातील जकातीचे प्रत्यक्ष दर आणि केनियाच्या सीमेवरून जाणाऱ्या मालाला लागणारा वेळ यांची नोंद आज ठेवली, तरच पुढे तुलनेला आधार मिळेल. २००५ पूर्वीच्या युगांडासाठी अशी पायाभूत नोंद शोधताना संशोधकांना जुन्या राजपत्रांवर विसंबावे लागते.